घाट चढणारी गाडी

वाईहून पाचगणीच्या शाळेत शिकवायला मी बारा वर्षं स्कूटरवरून घाट चढते आहे. पावसाळ्यात रेनकोटाच्या आत साडी भिजते, धुक्यात समोरचा ट्रक दिसत नाही. म्हणून विजेवरची चारचाकी घ्यायचं मी फार आधीच ठरवलं होतं. आमच्या ऐपतीतली, घरच्या प्लगवर चार्ज होणारी आणि घाट चढणारी. नवी गाडी आली की मी तिची सगळी माहिती काढायची आणि नवऱ्याला म्हणायची, अजून थोडं थांबू, स्वस्त होतील. दिवाळीत सगळे जमले की माझं हेच पुराण चालायचं.

मग सांगलीच्या माझ्या धाकट्या जावेने अगदी तशीच गाडी घेतली. तिच्या घरापासून तिचं शिवणकामाचं दुकान दीड किलोमीटरवर. तिने फोटो पाठवला. मी "अभिनंदन" लिहिलं आणि फोन पालथा ठेवला.

महिन्याभराने ती गाडी घेऊन आमच्याकडे आली. वाटेत कराडला जेवता जेवता चार्ज केली म्हणाली. आमच्या गिझरच्या प्लगवर ती लावताना मला वाटलं, ही वायर माझ्या गाडीची असायला हवी होती. दुसऱ्या दिवशी पाचगणीला जायचं ठरलं. घाटाची सवय मला, म्हणून तिने चावी माझ्या हातात दिली.

खरं सांगते, गाडी घाटात अडावी असं मला मनापासून वाटत होतं. ती अडली नाही. आवाज न करता, एकेक वळण घेत वर गेली. चार्जिंग चौऱ्याण्णव टक्के होतं, ते वर पोचेपर्यंत सत्त्याहत्तरवर आलं. मी म्हणाले, "बघ, किती उतरलं. हिला घाट झेपत नाही. पुन्हा इकडे आणू नकोस."

ती बरं म्हणाली. उतरताना आकडा उलटा चढत चढत ऐंशीवर गेला. उतारावर गाडी आपली आपणच थोडी चार्ज होते, हे मला आधीपासून माहीत होतं. ती शेजारीच स्ट्रॉबेरीची पेटी मांडीवर घेऊन बसली होती. मी बोलले नाही.

त्यानंतर ती आमच्याकडे एसटीने यायला लागली. साताऱ्याला एसटी बदलून, दोन्ही हातांत पिशव्या. तिसऱ्या वेळी तिला घ्यायला स्टँडवर गेले, तेव्हा पायरीवरून उतरताना तिचा पाय मुरगळला. घरी आल्यावर पायाला हळद लावता लावता मी तिला सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, "अक्का, आकडा मलाबी दिसत हुता की. पण तुमचं तोंड लय उतरलं हुतं. तुमचं ऐकूनच तर मी ही गाडी घेतली. म्हटलं, तुमच्या दारात आणून कशाला दाखवायची?"

मी तिचा पाय उशीवर ठेवला आणि चहा टाकायला उठले. आत जाऊन रडले. लाज वाटली म्हणून रडले, हे खरं. पण गाडी अजून तिचीच होती, म्हणूनही रडले. आम्ही अजून थांबलेलोच आहोत. पुढच्या खेपेला गाडी घेऊनच ये, असं तिला सांगितलं आहे.