पाव्याला लॅकरचे दोन हात

पुनावळ्यात आमचं शेत होतं तिथे आता उंच सोसायटी आहे. ज्या बांधावर बसून आजोबा पावा वाजवायचे, तिथे स्विमिंग पूल झालाय आणि पोरं त्यात शिट्ट्या मारतात. म्हणजे परंपरा चालू आहे म्हणायची! आजोबांच्या हातचं घरात काही उरलं असेल, तर तो जुना शिसवी पावाच. तो संग्रहालयात काचेमागे बसावा, वडिलांची आठवण कुठेतरी टिकावी, हा माझ्या काकांचा एकच ध्यास.

संग्रहालयातल्या बाई फोनवर म्हणाल्या, "गुरुवारी येऊन पाव्याची अवस्था बघते."

झालं! काकांची उभी हयात चाकणच्या कंपनीत, पेंट शॉपमध्ये गेलेली. कोणी 'बघायला येतो' म्हटलं की त्यांच्या लेखी ते ऑडिट. आणि ऑडिटच्या आधी दिसेल त्याला रंग मारायचा असतो. एकदा त्यांनी ऑडिटरसाहेबांची खुर्चीसुद्धा रंगवली होती. ती वाळायच्या आत साहेब तिच्यावर बसले, ही साहेबांची चूक.

गुरुवारी काकांनी मखमली फडकं सर्रकन ओढलं. पावा असा झळकला की बाई दचकल्याच.

"काका, हे काय केलंत?"

"भेगेत लांबी भरली. भोकांपाशी खड्डे पडले व्हते, तेबी लेव्हल केले. वरून लॅकरचे दोन हात. फिरवा बोट, एक डाग घावायचा न्हाई!"

"अहो, ते खड्डे तुमच्या वडिलांच्या बोटांनी पडले होते. आम्हाला तेच तर हवे होते."

काकांचा चेहरा लॅकर खरवडल्यासारखा झाला. "म्हंजी... रिजेक्ट?"

बाईंना दया आली असावी. "बघते, काय काय सुटतंय ते," म्हणत त्या पावा घेऊन गेल्या.

मग काकांचे फोन सुरू झाले. "बाई, कितपत खराब झाला?"

"बराच. दोन खड्डे दिसायला लागलेत."

"ब्येस, ब्येस!"

काकू कपाळाला हात लावायची. "जन्मभर माल पास व्हावा म्हणून जीव काढला, आन् आता खराब व्हायची वाट बघत्यात!"

अखेर पावा काचेमागे बसला. आम्ही सगळे नटूनथटून बघायला गेलो. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं : मधोमध भेग, बोटांच्या जागी झीज.

"समदे डिफेक्ट भायेर लावलेत," काका पुटपुटले. मग त्यांनी काचेवर, बरोबर त्या खड्ड्यांच्या समोर, आपली बोटं टेकवली आणि बराच वेळ काढलीच नाहीत.

"बाची बोटं माझ्यापेक्षा जाड व्हती की रं," ते मला म्हणाले.

"आजोबा, काचेला हात लावू नका!" मागून पहारेकरी ओरडला.

काकांनी खिशातून रुमाल काढला, काचेवरचे आपले ठसे चकाचक पुसले आणि ऐटीत त्याच्याकडे वळले.

"इन्स्पेक्शन चालू हाय, राव. पास झाला!"