दोन सख्खे भाऊ आणि एक डिफॉल्ट गेटवे

जळगावात त्या काळी कॉम्प्युटरमधलं सगळं कळणारा माणूस मी एकटाच, असं मीच सांगत फिरायचो. आणि मला खोटं पाडायला दुसरा कळणारा नव्हता. सहा महिन्यांचा कोर्स, त्यातले दोन महिने लाइट नाही. एवढ्या विद्येवर केळीच्या एका पेढीत चिकटलो.

पेढी दोन सख्ख्या भावांची. थोरले नाना जळगावला, धाकटे आबा धुळ्याला. नानांच्या कॉम्प्युटरला दोन वाटा होत्या. एक टेलिफोनवरून, मोडेमने, इंटरनेटला. तो मोडेम जोडताना असा किंचाळायचा की मेहरूण तलावावरचे बगळे पार यावलपर्यंत उडून जायचे. दुसरी वाट म्हणजे भाड्याची खास तार, थेट आबांच्या ऑफिसात.

कॉम्प्युटर मांडताना तो एक गोष्ट विचारतो : पत्ता ओळखीचा नसेल, तर माल कुठल्या वाटेने काढू? त्या वाटेला डिफॉल्ट गेटवे म्हणतात. माझी चूक एवढीच, की हा प्रश्न मी मालकांना विचारला.

"मोठ्याची वाट आधी," नाना म्हणाले. "लग्नपत्रिकेत वर कोणाचं नाव असतं?"

आबा धुळ्याहून फोनवर म्हणाले, "नाना मोठा शे ते घरमा. तारवर कसाना मोठा? मनी लाइन चोवीस तास चालू शे."

या घरात लग्नात टॉवेल-टोपीचा मान द्यायचा, तर दोन माणसं उभी करून दोघा भावांच्या डोक्यावर एकाच क्षणी टोपी टेकवावी लागे. मीही तेच केलं. दोन्ही वाटांना डिफॉल्ट केलं, आधी कोण हे ठरवणारा क्रमांकही दोघांना एकच दिला. दोघे खूश. नानांनी मला चहा पाजला, तोही दुधाचा.

मग नानांची आयुष्यातली पहिली परदेशी ऑर्डर फोनवर आली. अट अशी, की चार वाजायच्या आत मेलने होकार द्या, नाहीतर ऑर्डर दुसऱ्याला. यावलच्या बागेत मजूर सकाळपासून कोयते घेऊन बसलेले. कापलेला घड परत झाडाला लागत नाही, म्हणून हुकमाशिवाय कोणी हात लावेना.

तीन वाजता मी मेल सोडला. गेला नाही. पुन्हा सोडला. नाही. मोडेम जोडलेला, घड्याळ चाललेलं, नाना माझ्या मानेवर श्वास सोडताहेत.

"कुठं गेला?"

"धुळ्याला," मी म्हणालो.

"परदेशचा मेल धुळ्याला कशाला?"

दोघांचा क्रमांक सारखा असला, की हे यंत्र आधीपासून उघडी असलेली वाट धरत होतं. ती आबांची. आणि ती वाट आबांच्या टेबलाशी संपते. पुढे नुसती भिंत आणि भिंतीवर देवाचं कॅलेंडर. नानांचा होकार तिथे जाऊन मरत होता.

साडेतीनला मी आबांचा डिफॉल्ट पुसला. धुळ्याच्या ऑफिसचे पत्ते मात्र स्वतंत्र ओळीत लिहिले, की हे एवढे त्या तारेने. बाकी दुनिया मोडेमने. चारला पाच कमी असताना मेल गेला. चारच्या ठोक्याला समोरून होकार, आणि मागोमाग खोक्यावरच्या लेबलाचं चित्र उतरू लागलं, मुंगीच्या चालीने.

आता यावलला कळवायचं कसं? टेलिफोन मोडेमने अडवलेला. "तोडू नको," नाना म्हणाले, "परत लागायला दिवाळी येईल." मग मी धुळ्याच्या तारेने आबांच्या पडद्यावर निरोप टाकला : यावलला फोन करा, कापा म्हणावं.

आबांनी फोन केला. कोयते चालले.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला फोनवर विचारलं, "तू मना डिफॉल्ट काढी टाका म्हने?"

"आबा," मी म्हणालो, "डिफॉल्ट म्हणजे ज्यांना कोणी ओळखत नाही त्यांची वाट. तुमचं नाव मी खास लिहून ठेवलंय."

आबा समाधानाने हुंकारले. तेव्हापासून धुळ्यात ते सांगू लागले, की खान्देशची केळी परदेशी गेली ती त्यांच्या तारेने. जळगावात नाना उलटं सांगायचे. मी दोन्हीकडे मान डोलवायचो. पगार दोघांच्या सहीने व्हायचा.