बोकडाचं आतडं आणि कोरी काच

पीएच.डी.साठी मी आतड्यातल्या अशा पेशी शोधत होते ज्या सेरोटोनिन नावाचं रसायन बनवतात आणि मज्जातंतूंशी संधान बांधून असतात. आतडं बोकडाचं. दुसरीकडचे लोक यासाठी उंदीर पाळतात, आम्ही कोल्हापूरकर मटणाच्या दुकानात जातो. लॅबमागच्या गल्लीतले मटणवाले मामा रविवारी सकाळी माझा तुकडा बाजूला काढून ठेवायचे. तो मी तिथंच फॉर्मॅलिनच्या डबीत टाकायचे आणि रांगेतली गिऱ्हाइकं माझ्याकडं संशयानं बघायची. एवढ्याशा तुकड्यात कुणाचं पोट भरणार, हा मामांचा प्रश्न ठरलेला.

मग तुकडा मेणात बसवायचा, त्याचे अगदी पातळ काप काचेवर घ्यायचे आणि त्यावर अँटिबॉडी सोडायची. ती नेमकी सेरोटोनिनला चिकटते. नंतर दुसरी अँटिबॉडी, पहिलीला हुडकून तिथं रंग आणणारी. तपकिरी ठिपका उठला की तिथं आपली पेशी. शिवाय दर वेळी एका कापावर पहिली अँटिबॉडी घालायचीच नाही, फक्त दुसरी. हा आमचा कंट्रोल. तो कोरा राहिला तरच बाकीचे ठिपके खरे मानायचे.

शेवटचं प्रकरण लिहायला घेतलं आणि अँटिबॉडी संपत आली, कुपीच्या तळाला थेंबभर उरली. कंपनीकडं तीच नव्हती, म्हणून सेरोटोनिनचीच दुसरी मागवली. सोबत तिला हुडकणारी जोडीदारीणही आली. नेहमीच्या पद्धतीनं स्लाइड रंगवल्या आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. सगळं आतडं तपकिरी. कंट्रोलही तसाच, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा.

मी मुळातच तापट. रसायनं बदलली, स्लाइड जास्त वेळ धुतल्या, फ्रिजलाही शिव्या घातल्या. पुन्हा तपकिरीच. मग राग ओसरला आणि भीती शिरली. या आतड्यालाच मुळात तो रंग चढत असेल तर माझे आजवरचे कोरे कंट्रोल आणि ठिपके कशावरून खरे? सगळा प्रबंध त्या ठिपक्यांवर उभा होता. जेवण जाईना. घरी कुणी काही विचारलं की मी खेकसायचे.

शेवटी माझ्या गाइड मॅडमना सगळं दाखवलं. त्या गडहिंग्लजकडच्या, शांत बाई. अँटिबॉडी कुठल्यातरी जनावराच्या रक्तातूनच काढलेली असते, तेव्हा ही कुठल्या जनावराची, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जुनी सशाची होती, नवी शेळीची आहे.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अगं, बोकडात शेळी शोधालीस की!"

मला क्षणभर कळेना, आणि मग एकदम कळलं. नवी जोडीदारीण शेळीची अँटिबॉडी दिसेल तिथं रंगवणार. माझं आतडं त्याच जातीच्या जनावराचं, त्याच्या स्वतःच्या अँटिबॉडींनी भरलेलं. ते सगळंच्या सगळं रंगलं यात नवल नव्हतं. आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. पण माझं हसू लवकर थांबलं. जुने ठिपके खरे होते हे अजून सिद्ध व्हायचं होतं.

कुपीतला तो थेंब मी जपून वापरला. त्याच आतड्याचे नवे काप, सशाचीच जुनी जोडी, शेजारी कंट्रोल. स्लाइड तयार झाल्यावर बघायचा धीर होईना. मॅडमनाच पुढं केलं. त्यांनी कंट्रोलची काच लावली आणि ती इकडून तिकडं सरकवत राहिल्या.

"काय दिसतंय, मॅडम?"

"कायबी दिसत न्हाय. ये, बघ."

आतड्याच्या घड्या पार्श्वभूमीला दिलेल्या रंगानं फिकट निळ्या आणि स्वच्छ, कुठंच तपकिरी नाही. दुसरी काच लावली. घडीच्या कडेला, नेहमीच्याच जागी, मोजक्या तपकिरी पेशी आपापल्या ठिकाणी बसलेल्या होत्या. मी पुन्हा कंट्रोल लावला. त्या रिकाम्या काचेत डोळा घालून मी लहान पोरीसारखी रडले आणि मॅडमनी मला रडू दिलं.