सुजातानं ब्रेक ओढला होता

हे मी कित्येक वर्षं कुठं बोललो नव्हतो. मित्रांत नाही, कचेरीत नाही, घरात तर नाहीच. सहा वर्षं. तुम्ही म्हणाल, असं काय मोठं केलंस, खून केलास का? नाही. पण खून न करताही माणूस बरंच काही करू शकतो, हे मला माझ्यावरूनच कळलं.

गाडीपासून सुरू करतो — कारण गाडीमागं लपायची मला सवय आहे.

सात सीटची, पांढरी, उंच गाडी. वापरलेली घेतली होती, पण आमच्या खानदानातली पहिली चारचाकी. माझा थोरला भाऊ, दादा, फुलंब्रीला शेती करतो. त्यानं आधीच बजावलं होतं, "वापरलेली गाडी नको घेऊ रे. लोक आपलं दुखणं विकतात." मी म्हणालो, गाडीतलं मला कळतं. काय कळत होतं? काचा पुसता येत होत्या, एवढंच. तरी गाडी आणली त्या दिवशी सगळ्यांसमोर बॉनेटवर थाप मारून सांगितलं, एक नट बदलायची गरज नाही.

महिनाभरात हँडब्रेक ढिला पडला. दांडा कर्रकर्र करत वर यायचा, अगदी ताठ उभा राहायचा, पण उतारावर गाडी आपली हळूच सरकायची. मिस्त्रीनं खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "साब, केबल के तार टूट रहे, पीछे के लाइनर भी गए. ढलान पे इसके भरोसे मत छोडो." दोन दिवस गाडी ठेवून जा म्हणाला. मी मान हलवली आणि गाडी घरी आणली. गॅरेजात गाडी दिसली असती, कुणीतरी दादाच्या कानावर घातलं असतं. तो काही बोललाही नसता कदाचित, नुसता हसला असता. ते हसू मला नको होतं.

त्याऐवजी मी काय केलं सांगू? एक चांगला चपटा दगड शोधला, गोणपाटात गुंडाळला आणि माझ्या शेजारच्या सीटखाली ठेवला. एकटा असलो की उतारावर चाकामागं लावायचा. कुणी सोबत असलं की सपाट जागा मिळेपर्यंत गोल गोल फिरायचं. घरच्यांना वाटायचं, बाबा पार्किंगच्या बाबतीत फार चोखंदळ आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची!

सुजाता माझी बायको. आम्ही पडेगावला राहतो आणि ती फुलंब्रीच्या पुढं एका खेड्यात शिक्षिका आहे. म्हणजे रोज आधी शहरात यायचं, मग एसटी, मग काळीपिवळी. गाडी आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिला झाला होता. तिनं लायसन्स काढलं. शाळेत गाडीनं जायचं, हे तिचं ठरलेलंच होतं. तिला मी ब्रेकचं सांगितलं होतं का? नाही. तिलाही नाही.

मग बुद्धपौर्णिमा आली. दर वर्षीसारखे आम्ही सगळे लेण्यांवर निघालो. आई, दादा, वहिनी, आमची लेक प्राची, सगळे पांढऱ्या कपड्यांत. गाडी सुजाता चालवत होती, मी शेजारी. घरच्या सगळ्यांना घेऊन ती पहिल्यांदाच चालवत होती, आणि छान चालवत होती. लेण्यांखाली गर्दी, जागा मिळाली ती चढावर. वैशाखाचं ऊन. पायऱ्या चढायच्या आधी आईला एसीत जरा दम खायचा होता, म्हणून इंजिन चालू ठेवलं, गाडी न्यूट्रल. सुजातानं पाय ब्रेकवर ठेवूनच दांडा ओढला. जोर लावून, शेवटच्या कर्रपर्यंत. मी बघितलं. हे मी आज शपथेवर सांगतो — मी बघितलं.

दादा आणि वहिनी, मागोमाग प्राची, खाली उतरले. माझ्या टाचेला सीटखालचा दगड लागत होता. उतरायचं, चाकामागं लावायचा — एवढंच काम. पण मागं दादा उभा होता. त्याच्यासमोर दगड काढू? पांढऱ्या शर्टावर, गोणपाटातून? दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे, असं मनाशी म्हणालो आणि रिकाम्या हातानं उतरलो.

सुजाता उतरून आईच्या दाराशी गेली. आईचा एक पाय जमिनीवर, एक अजून आत. आणि गाडी मागं निघाली.

आई आडवी पडली. मनगट मोडलं. दादानं वहिनीला खेचून बाजूला घेतलं. गाडी जाऊन कडुलिंबाच्या झाडाला धडकली आणि थांबली. त्या लिंबापासून चार पावलांवर खिरीची रांग होती, लहान लेकरं हातात वाट्या घेऊन उभी. ती रांग मला अजून दिसते. लिंब तिथं नसता तर? याचं उत्तर मी आजही पूर्ण करत नाही.

दादा सुजातावर ओरडला, "बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं!" सुजाता म्हणाली, "मी ओढला होता हो. पूर्ण ओढला होता." हे ती त्याला नाही, मला सांगत होती. माझ्याकडं बघत.

आणि मी म्हणालो, "घाईत अर्धा राहिला असेल."

बस्स. एवढं एक वाक्य. तुम्हाला वाटेल, हाच माझा गुन्हा. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं — पण नाही, खरा पुढंच आहे.

दुसऱ्याच दिवशी डेंट काढायच्या निमित्तानं मी गाडी लांबच्या गॅरेजात नेली, केबल आणि लाइनर नवे टाकून घेतले. कुणाला सांगितलं नाही. आठवड्यानं एका दुपारी खिडकीतून बघतो तर सुजाता गाडीत एकटीच बसलेली. आमच्या गल्लीच्या चढावर तिनं गाडी उभी केली, दांडा ओढला, उतरली आणि दोन्ही हातांनी गाडीला मागं रेटू लागली. गाडी तसूभर हलली नाही. पुन्हा बसली, पुन्हा ओढला, पुन्हा रेटून बघितलं. मग घरात आली, किल्ली खिळ्याला अडकवली आणि कणीक मळायला बसली. तिनं स्वतःलाच दोषी ठरवलं होतं, तेही नीट तपासून. पुरावा मीच बदलून ठेवला होता ना!

त्यानंतर ती सहा वर्षं एसटीनं गेली. कधी उभी, कधी पाऊण तास फाट्यावर काळीपिवळीची वाट बघत. सगळे एकत्र जमले की तिची चेष्टा व्हायची. ती कुठलंही दार लावायला उठली की वहिनी विचारायची, "पूर्ण लावलं का?" सगळे हसायचे. मीही हसायचो.

गेल्या महिन्यात प्राची गाडी शिकू लागली. सुजाता तिला म्हणाली, "हँडब्रेक तेवढा बाबांकडून शीक गं. माझ्या हाताला अंदाजच नाही." किती सहज म्हणाली! उंची सांगावी, वजन सांगावं, तसं.

त्याच दुपारी ती पेपर तपासत बसली होती, तिथं जाऊन मी सगळं सांगितलं. दगडापासून. तिनं लाल पेन खाली ठेवलं. एकच विचारलं, "ब्रेक कधी बदलला?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मला एकटीला सांगून भागायचं नाही. ज्यांच्यापुढं बोललात, त्यांच्यापुढं बोला."

रविवारी फुलंब्रीला गेलो. ओसरीवर सगळे बसले असताना बोललो. दादा सुजाताकडं न बघता म्हणाला, "अन् मी सहा वर्षं हिला नावं ठेवीत बसलो." आईनं सुजाताचा हात आपल्या हातात घेतला. "तू तवाच म्हणत व्हतीस पोरी. म्या ऐकलं नाय." सुजाता तेव्हा रडली. लेण्यांवर रडली नव्हती.

मला कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, पण ते बरं वाटून घ्यायचा हक्क मला नव्हता.

सोमवारी सुजाता गाडी घेऊन शाळेत निघाली. मी विचारलं, सोबत येऊ का? "नको," ती म्हणाली. "तुम्ही शेजारी बसलात की मला माझा भरवसा राहत नाही." खरंच होतं. मी फाटक उघडून बाजूला झालो. गल्लीच्या वळणावर तिनं नीट हॉर्न दिला आणि गेली.

माझ्याशी ती अजून मोजकंच बोलते. पण घरात आता सकाळची धावपळ नाही. ती चहा बसून पिते. फुलंब्रीवरून दोन शिक्षिकांना सोबत घेते. त्या दिवशी जेवताना ती प्राचीला सांगत होती, खूप दिवसांनी खळखळून हसत, "त्या विचारत होत्या, मॅडम, इतकी छान गाडी तुम्हाला कुणी शिकवली? मी म्हटलं, माझी मीच शिकले."

खरं म्हणजे पडेगावच्या मोकळ्या प्लॉटवर पंधरा दिवस शेजारी बसून मीच शिकवली होती. शब्द अगदी ओठांवर आले. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि जेवत राहिलो.