सगळ्यांना विचारणारा नगरसेवक

माझ्या धाकट्या भावाच्या दोस्ताइतका विचारून विचारून जीव खाणारा नगरसेवक बोरिवलीत काय, अख्ख्या मुंबईत झाला नसेल. बाकीचे मतं मागतात आणि गायब होतात. हा बाबा निवडून आल्यावर जास्तच दिसायला लागला. जंगलाच्या कडेच्या वारली पाड्यावरचा मुलगा, भावाबरोबर एका बाकावर शिकला. आमच्या घरी आला की चप्पल जिन्यातच काढायचा, "ताई, येऊ?" म्हणायचा, आणि मी ये म्हटलं तरी दारातूनच माझ्या आईलाही विचारून मग आत यायचा. वॉर्ड राखीव झाला, त्याला तिकीट मिळालं, तेव्हा प्रचाराला आमच्या बिल्डिंगमध्ये आला आणि हात जोडून म्हणतो काय, "मी उभा राहू का?" आमचे हे म्हणाले, "अरे, अर्ज भरलास ना? बॅनर लागलेत ना तुझे?" तर म्हणे, "लागलेत. पण तुम्ही नको म्हटलंत तर कसं?" दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना आधीच खोड काढायची हौस. ते म्हणाले, "नको राहूस." झालं! हा त्यांच्या सोफ्यावर ठाण मांडून बसला. खाली कार्यकर्ते ढोल-ताशे घेऊन ताटकळले. शेवटी काकूंनीच दम भरला, "अहो, हो म्हणा की एकदाचं, मला कुकर लावायचाय!" तेव्हा कुठे मिरवणूक पुढे सरकली.

त्याच्या पाड्याची रीतच तशी. काही ठरवायचं म्हणजे सगळ्यांनी चिंचेखाली बसायचं आणि शेवटचं माणूस मान हलवेपर्यंत उठायचं नाही. हात वर करून मोजणं त्याला फार उद्धट वाटायचं. "हरलेल्या माणसानं घरी जाऊन काय करायचं, ताई?" असं मलाच विचारायचा. फोनवर विचारलेलंही त्याला चालायचं नाही. हो म्हणताना माणसाचं तोंड दिसलं पाहिजे. आमच्या कोपऱ्यावर एक साधा बाक बसवायचा होता. कुणाला तो दुकानासमोर नको, कुणाला खिडकीखाली नको, तर हा रोज संध्याकाळी एकेकाच्या दारात हजर. बाक बिचारा वर्षभर फाटकाशी उलटा पडलेला, गल्लीतली कुत्री त्याच्या आडोशाला पिल्लं घालून मोकळी झाली. मी वैतागून म्हटलं, "टाक रे कुठेतरी, वाट लागली आमची!" हसला नुसता. पण बाक बसला तो असा बसला की पुढे कुणी म्हणून कुरकुर केली नाही. आमच्यासारख्या भांडकुदळ बिल्डिंगमध्ये ही कमालच म्हणायची.

मग पाड्यातूनच रस्ता काढायचं निघालं. म्हणजे सगळा पाडा उठणार, आणि माणसं कांदिवलीच्या एका टॉवरमध्ये. त्या काळात तो वाळला. इंजिनियरांच्या मागे फिरून फिरून त्यानं नकाशात एक वळण मिळवलं. तेवढा रस्ता वळवला तर पाडा वाचत होता, फक्त कडेचं एक घर जाणार होतं. पाडा चिंचेखाली बसला, सगळ्यांनी माना हलवल्या. राहिली एकटी म्हातारी, जिचं ते घर. ती नातीच्या बाळंतपणासाठी मनोरीला गेलेली. आणि दुपारी पालिकेच्या समितीत मतदान! दोन्ही बाजू सारख्या, याच्या एका मतावर सगळं अडलेलं. हा सकाळीच मार्व्याहून बोटीनं मनोरीला पोचला, तर म्हातारी मासळी आणायला बाहेर. हा ओट्यावर बसून राहिला. माझा भाऊ फोनवर नुसता ओरडत होता, "यार, निघ तू! हो बोलून टाक, तिला मग सांग!" हा म्हणाला, "तिचं घर जातंय रे. तिला न विचारता कसं देऊ?" म्हातारी भेटली, हा धावतपळत परतला, तोवर मतदान उरकलेलं. मतं सारखी पडली आणि अध्यक्षांच्या जादा मतानं ते वळण पडलं.

पाडा टॉवरमध्ये गेला. पाड्यावरच्या कुणीही त्याला बोल लावला नाही, आणि मला वाटतं त्यामुळेच तो जास्त खचला. पुन्हा उभा राहिला नाही. आमचा नवा नगरसेवक झकास आहे, फोटो पाठवला की गटार साफ होतं. पण दाराशी कधी येत नाही, आणि खरं सांगू, त्या कटकटीची मला फार आठवण येते. असा माणूस घरी बसून राहिला याची हळहळ अजून जात नाही.

गेल्या दिवाळीत मी फराळ घेऊन त्याच्याकडे गेले. टॉवरच्या पॅसेजमध्ये, लिफ्टच्या दाराशी तीच म्हातारी ऊन शोधत बसली होती. मला बघून हसली. आत गेल्यावर मी त्याला विचारलं, "त्या दिवशी मनोरीला ही काय म्हणाली रे शेवटी?"

तो चकलीचे तुकडे करत म्हणाला, "म्हणाली, कुडाचं घर माझं, शेणामातीचं. मागं सरकून दुसरं बांधलं असतं. एवढं विचारायला पाण्यावरून आलास? मग मला तळलेला बोंबील दिला. बोटीपर्यंत पोचवायला आली."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी म्हटलं, "अरे वेड्या, म्हणजे न विचारता दिलं असतंस तरी ती रागावली नसती!"

"हो ना, ताई," तो म्हणाला. "पण ते मला तिथे गेल्यावर कळलं."