साडीत आणलेला समुद्र

परवा बाजारात सुक्या मासळीचा वास आला आणि मॉरिशस सोडतानाची मी मला आठवले. शिक्षण संपलेलं, घरी जायच्या आनंदानं पाय जमिनीवर ठरत नव्हते. आईनं कधी समुद्र पाहिला नव्हता, म्हणून निघताना बाटलीभर समुद्र घेतला आणि तिच्यासाठी घेतलेल्या साडीत गुंडाळला. पदवीवाल्या बाईंना बूच घट्ट लावायचं मात्र सुचलं नाही! पिंगळीला घरी बॅग उघडली तर बाटली रिकामी, साडी ओलीचिंब. मी रडकुंडीला आले. आईनं पदर पिळला, बोट चाटलं आणि ओरडलीच, "लय खारट हाय की गं बये!" तीच ओली साडी नेसून ती गल्लीत निघाली. "चाटून बघा, माझ्या लेकीनं समुद्र आणलाय!" आता माझ्या नाती हे ऐकून खो खो हसतात, पण तेव्हा गल्लीतली एकही बाई नको म्हणाली नव्हती.