हलकं काम म्हणून आम्हीच लिहून दिलं

सोमवारी अमरावतीच्या लेबर ऑफिसात माझी चांगलीच जिरली... तीही माझ्याच हाताने लिहिलेल्या अर्जाने.

मी नांदगाव पेठला कापडाच्या कंपनीत आहे. आमच्या खात्यात आम्ही अकरा बाया आणि बाकी सगळे पुरुष. मशीन तीच, शिफ्ट तीच, टार्गेटही तेच... फक्त कागदावर ते ऑपरेटर आणि आम्ही हेल्पर, म्हणून आमचा पगार कमी.

खूप कुरकुर केल्यावर युनियनचे भाऊ म्हणाले, लेबर ऑफिसात अर्ज करू. भाऊ आमचे लीडर, साठीचे, पदरचं पेट्रोल जाळून कामगारांसाठी हिंडणारे. त्यांचा सल्ला एकच... "नरमाईनं लिवा, साहेबाले दया आली पाहिजे." मग ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. 'आम्ही महिला मदतनीस हलकी कामे करतो, तरी कृपा करून पगारवाढ द्यावी.'

आपल्याकडे अर्ज म्हटला की हात जोडूनच लिहायचा. मलाही त्यात काही खटकलं नाही, उलट सगळ्यांच्या सह्या मीच फिरून घेतल्या. वनमालाबाईंचीही घेतली. त्या आमच्यात सगळ्यांत जुन्या, मार्चमध्ये रिटायर होणार. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर निघते, त्यामुळे खरी घाई त्यांना होती.

सोमवारी सुनावणीत कंपनीच्या वकिलाने नेमका तोच अर्ज लेबर ऑफिसच्या साहेबांपुढे सरकवला. साहेबांनी वाचला आणि शांतपणे म्हणाले, "तुम्हीच लिहून दिलंय की काम हलकं आहे. मग समान काम कुठे राहिलं?"

भाऊ दाराशी मान खाली घालून उभे. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. रोज आठ तास त्या मशीनपुढे उभी असते मी, मग 'हलकं' लिहिताना अक्कल काय गहाण टाकली होती?

तेवढ्यात वनमालाबाई उठल्या. वाटलं, आता रडतात...

"साहेब, ते आमी दया मांगासाठी लिवलं. कामाचं त्याच्यात काईच नाई. काम सांगू काय?"

आणि बाईंनी सांगायला घेतलं. तुटलेला धागा कसा जोडायचा, कोणता आवाज आला की मशीन बंद करायची, नव्या माणसांपैकी कोणाकोणाला त्यांनी शिकवलं. त्यातले दोघं आज ऑपरेटर आहेत. साहेब लिहून घेत होते. शेवटी त्यांनी नवा अर्ज द्यायला आठ दिवस दिले.

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाले, "चुकलं माह्यं." बाई म्हणाल्या, "तुमी आमच्यासाठी किती झिजले ते ठाऊक हाये भाऊ. पण आता आमचं काम लिवा, आमची गरिबी नोका लिवू."

नवा अर्ज झाला, एका वकील ताईंनी तपासूनही दिला. पण मधले कितीतरी महिने त्या जुन्या कागदापायी वाया गेले. मार्चच्या आत निकाल लागेल की नाही, कोणीच सांगू शकत नाही.

नाही लागला, तर त्यात माझाही हात आहे, वनमालाबाई... हे चारचौघांत कबूल करायचं होतं म्हणून ही पोस्ट. तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. आज जेवणाच्या सुट्टीत नेहमीसारखी तुमच्या डब्यातली अर्धी भाकर माझ्यापुढे ठेवलीत... आणि मी ती तशीच रुमालात बांधून घरी आणली.